मोत माउलीच्या टेकडीवर अर्धा तास



गेल्या डिसेंबरात आपल्या शाळेची आठवी-नववीची सहल मुंबईला जाऊन आली. सहलीचा वृत्तान्त आणि मुलांनी काढलेली चित्रे याच अंकात अन्यत्र आहेतच. आम्ही सहलीसोबत गेलेल्या शिक्षकांनी हा लेख लिहायला घेतला, त्याचे कारण वेगळे आहे. दोन दिवसांच्या भरगच्च कार्यक्रमातल्या एका अर्ध्या तासाबद्दल काही पालकांनी शाळेकडे नाराजी कळवली आहे. पुढल्या वर्षीच्या सहलीतून तो अर्धा तास वगळावा, अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आली आहे. निर्णय मंडळाने घ्यायचा आहे. तो घेण्यापूर्वी आम्हाला काय वाटते, ते मोकळेपणाने मांडावे म्हणून हा प्रपंच.

तो अर्धा तास आम्ही वांद्र्याच्या टेकडीवर, माउंट मेरीच्या चर्चमध्ये घालवला.

अवंतिका एक्स्प्रेसने पहाटे मुंबईला उतरल्यावर पहिला दिवस राणीची बाग, वस्तुसंग्रहालय आणि गेट वे यांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभादेवीला सिद्धिविनायकाचे दर्शन घेतले, माहीमच्या खाडीवरचा रस्ता ओलांडला आणि बस वांद्र्याची चढण चढू लागली. चढण म्हणजे फार काही नव्हे. आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि ही टेकडी शंभर मीटरसुद्धा नाही. म्हणजे आपले शाळेचे मैदानच त्या 'डोंगरा'पेक्षा किती तरी उंच! पण एका बाजूला दूरपर्यंत पसरलेला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला संपता न संपणारे शहर, हे दृश्य आपल्या माळव्याच्या पठारावर कुठून दिसणार? मुले बसमधून उतरली ती एकदम गप्प झाली. सहलीत पस्तीस मुले एकदम गप्प होणे म्हणजे काय, हे शिक्षकांनाच विचारा.

चर्चच्या दाराशी आमच्या मुलांनी सवयीने चपला-बूट काढायला सुरुवात केली. तिथे तशी सक्ती नसते. पण शेजारी उभ्या असलेल्या नऊवारीतल्या एका कोळी आजींनीही आपल्या चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या आत गेल्या आणि हात जोडून मराठीत काहीबाही पुटपुटत राहिल्या. आमच्यातल्या एका मुलीने हळूच विचारले, "बाई, या आजी हिंदू आहेत की ख्रिश्चन?" आम्हाला सांगता आले नाही. विचारायचे धाडस झाले नाही आणि खरे सांगायचे तर विचारण्याची गरजही वाटली नाही.

बाहेर रस्त्याकडेला दुकाने होती. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या आणि मेणाच्या नाना वस्तू. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचे घर, मेणाचे बाळ. हात दुखतो त्याने हात वाहायचा, घर हवे त्याने घर. मुलांना हे काही नवे वाटले नाही. नवस हा शब्द त्यांना घरातूनच ठाऊक आहे. आपल्या बिजासन टेकरीवर नवरात्रात जत्रा भरते, तेव्हा नवस बोलायला आणि फेडायला येणारी माणसे त्यांनी पाहिलेली आहेत. वांद्र्याची जत्राही अशीच भरते. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिची सुरुवात होते आणि ती आठवडाभर चालते. कोळी, ख्रिस्ती, हिंदू, पारशी, मुसलमान असे सगळे तिला येतात. म्हणूनच आम्ही त्या जागेला नुसते चर्च न म्हणता सर्वांची टेकडी म्हणतो.

या टेकडीचे कोळी माणसांनी ठेवलेले नाव 'मोत माउली'. मोत म्हणजे मोती, मोत्यांची आई, असा अर्थ कोळी लावतात. जाणकार म्हणतात की डोंगर या अर्थाच्या 'मोंते' या पोर्तुगीज शब्दाचे ते रूप असावे. कसेही असो, पुढचा 'माउली' हा शब्द तर सरळ आपल्या ज्ञानोबांच्या घरातला. परमुलखातून जहाजाने आलेल्या एका देवमातेला इथल्या दर्यावरच्या माणसांनी आपल्या भाषेतले सर्वांत मायेचे नाव दिले. भाषेने पाहुणीला घरात घेतले, असेच म्हणावे लागेल.

आता या जागेचा इतिहास थोडा सांगतो, कारण मुलांपैकी अनेकांनी परत आल्यावर तो विचारला. सोळाव्या शतकात पोर्तुगालहून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी मेरीची मूर्ती इथे आणली आणि एक लहान प्रार्थनामंदिर बांधले. १७०० मध्ये अरब चाच्यांनी सोन्याच्या लोभाने त्या मूर्तीचा उजवा हात तोडून नेला. पुढे १७६० च्या सुमारास चर्च पुन्हा उभे राहिले. मधल्या काळात या मूर्तीच्या जागी जवळच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधली नाविकांच्या मातेची मूर्ती बसवली होती. ती एका कोळ्याला स्वप्नात दिसली आणि मग समुद्रात तरंगताना सापडली, अशी कथा आहे. कालांतराने जुन्या मूर्तीची दुरुस्ती झाली आणि तिला तिचे मानाचे स्थान परत मिळाले.

सध्याची इमारत १९०४ सालची. ती उभारणारा वास्तुशिल्पी होता शापुरजी चंदाभाई, म्हणजे एक पारशी. १९५४ मध्ये पोप बारावे पायस यांनी या चर्चला बॅसिलिकाचा दर्जा दिला. आम्ही ज्या रस्त्याने खाडी ओलांडून आलो, त्याची हकीकतही अशीच. पूर्वी माहीमहून वांद्र्याला नावेतून जावे लागे आणि पावसाळ्यात नावा बुडून माणसे दगावत. तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये स्वतःजवळचे दिले आणि १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. लोकांकडून पथकर घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती. त्यांनी मोत माउलीला नवस केला होता असेही सांगतात. ते खरे की लोककथा, हे बाजूला ठेवू. पण एका पारशी बाईंनी बांधवलेल्या रस्त्याने, एका पारशी वास्तुशिल्पीने उभारलेल्या ख्रिस्ती मंदिरात, मराठी नावाने हाक मारली जाणाऱ्या देवीपुढे हिंदू कोळीण चपला काढून उभी राहते, एवढे तर आमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

अशी अर्ध्या तासाची ही हकीकत. आता आक्षेपांकडे वळू. आक्षेप घेणारे पालक आपलेच आहेत आणि त्यांची काळजी खोटी नाही, हे आम्ही आधीच नमूद करतो.

पहिला आक्षेप असा की मुलांना मुंबई दाखवायला पाठवले होते, दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेत बसवायला नव्हे. यावर आमचे म्हणणे एवढेच की कोणालाही प्रार्थनेत बसवले नाही. ज्यांना आत यायचे नव्हते त्या दोन मुलांसोबत एक शिक्षक बाहेर समुद्राकडे तोंड करून बाकावर बसले. काही मुलांनी स्वतःच्या पैशांनी मेणबत्ती लावली, काहींनी लावली नाही. परंतु एक चूक आमच्याकडून झाली आणि ती आम्ही कबूल करतो. पालकांना दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत या थांब्याचा उल्लेख नव्हता. 'वांद्रे परिसर' एवढेच लिहिले होते. मूल घरी येऊन सांगते तेव्हा पालकांना प्रथम कळते, हे बरोबर नाही. जे उघडपणे करायला हवे ते मोघम लिहिले, म्हणूनच शंकेला जागा मिळाली. पुढच्या वेळी नाव स्पष्ट लिहावे, कारण लिहावे आणि पालकांची लेखी संमती घ्यावी.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. पोर्तुगीजांनी साष्टी-वसईत देवळे पाडली, माणसे बाटवली. मग त्यांनीच स्थापलेल्या चर्चमध्ये आपण मुलांना कौतुकाने का न्यावे? हा इतिहास खरा आहे आणि तो मुलांपासून लपवू नये, असेच आम्हालाही वाटते. म्हणून तो पुराच सांगावा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेत आपले मल्हारराव होळकरही होते. ज्यांच्या गावात आपण राहतो, त्यांची तलवार तिथे चालली होती. वसईकडच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून मराठ्यांनी आणल्या; नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकराला त्या आजही पाहायला मिळतात. पण याच इतिहासाचे पुढचे पान फारसे कोणी वाचत नाही. वांद्रे ज्या साष्टी बेटावर आहे, ते या मोहिमेपासून १७७४ पर्यंत मराठ्यांच्याच ताब्यात होते. म्हणजे १७६० च्या सुमारास माउंट मेरीचे चर्च पुन्हा बांधले गेले, ते मराठी राज्यात! लढाई संपल्यावर रयतेला तिचा देव परत मिळू देणे, हेही मराठी राज्याचेच वर्तन होते. मुलांना वसईच्या विजयाचा अभिमान जरूर वाटावा. त्याबरोबर या दुसऱ्या गोष्टीचाही वाटावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आणि ख्रिस्ती म्हणजे परका, हे समीकरण मराठी माणसाने तरी मांडू नये. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांच्यावाचून मराठी वाङ्मयाचा इतिहास पुरा होत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते निवर्तले, तेव्हा मराठीने आपलाच एक लेखक गमावला. पंढरीच्या वाटेवर श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत, हेही आपण विसरू नये.

तिसरा आक्षेप वेळेचा. आपल्याच मुलांना आपली दैवते, आपली स्तोत्रे धड येत नाहीत, मग दुसऱ्यांची देवळे कशाला? या तक्रारीत तथ्य आहे. आमच्या वर्गातल्या किती मुलांना मनाचे श्लोक पाठ आहेत, हे आम्ही इथे छापणार नाही. शाळेचीच अब्रू जाईल. पण त्यावर उपाय मनाचे श्लोक शिकवणे हा आहे, चर्चचे दार बंद करणे हा नव्हे. उलट आमचा अनुभव असा की दुसऱ्याच्या दारात उभे राहिल्यावरच मुलांना आपल्या घराविषयी प्रश्न पडतात. त्या मूर्तीच्या तुटलेल्या हाताची गोष्ट ऐकून नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आपल्याकडे मूर्ती भंगली की विसर्जन करतात. यांनी ती दुरुस्त करून पुन्हा का बसवली?" त्यावर बसमध्ये वांद्र्याच्या किल्ल्यापर्यंत चर्चा चालली. विसर्जन का करतात, प्राणप्रतिष्ठा म्हणजे काय, पार्थिव गणपती आणि देवळातला गणपती यांत फरक काय, हे सगळे त्या एका प्रश्नातून निघाले. वर्गात आम्ही ते शिकवले असते तर निम्मी मुले खिडकीबाहेर पाहत बसली असती. आम्हालाही सगळी उत्तरे देता आली नाहीत. घरी आजी-आजोबांना विचारा, असे सांगून आम्ही सुटका करून घेतली. किती जणांनी विचारले, ते पालकांनी आम्हाला कळवावे.

आता थोडे आपल्याविषयी. आपण इंदूरचे मराठी लोक कोण? पेशवाईत मल्हाररावांच्या मागोमाग शिपाईगिरीला, कारकुनीला, भिक्षुकीला, व्यापाराला आलेल्यांचे वंशज. तीनशे वर्षे होत आली. आपली भाषा, आपला गणेशोत्सव, आपली शाळा आपण या मुलखात टिकवली, ती काही तटबंदी बांधून नव्हे. माळव्याने आपल्याला जागा दिली आणि आपणही माळव्याच्या चालीरीती आदराने पाहिल्या. होळकरांच्या दरबारातून मोहरमचा ताजिया निघत असे आणि 'सरकारी ताजिया' हे नाव इंदुरात आजही चालते. राज्य हिंदूंचे, खासगीतले दैवत खंडोबा आणि तरी ताजिया सरकारी! ही रीत आपल्या पूर्वजांनी रोज पाहिली आणि त्यांच्या मराठीपणाला त्याने काही बाधा आली नाही. जे लोक स्वतः दुसऱ्याच्या गावात पाहुणे म्हणून येऊन घरचे झाले, त्यांनी दुसऱ्याच्या उंबऱ्याचा धसका घ्यावा, हे आम्हाला पटत नाही.

दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळी कसे वागावे, ही पोहण्यासारखी शिकण्याची गोष्ट आहे. ती आपोआप येत नाही. आमच्या मुलांपैकी एकाने आत मोबाइल काढून प्रार्थना करणाऱ्या बाईंचा फोटो घेतला. दोघांनी मेणाच्या बाळावरून थट्टा केली. त्यांना तिथल्या तिथे समज दिली, त्यांनीही माफी मागितली. ही मुले वाईट नाहीत. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. उद्या हीच मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात शिकायला आणि नोकरीला जातील. तिथे शेजारी कोण असेल, ते आपल्या हातात नाही. शेजाऱ्याच्या घरी मयत झाली तर कोणत्या दाराने जावे, डोके झाकावे की नाही, प्रसाद कसा घ्यावा, नको असेल तर कसा नाकारावा, हे त्यांना कळले पाहिजे. ते शाळेने नाही शिकवायचे तर कोणी?

म्हणून आमची विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे की तो अर्धा तास वगळू नये. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात.

१. सहलीच्या आधी इंदुरातच एक दिवसाची फेरी काढावी. खजराण्याला गणपतीचे दर्शन घेऊन तिथल्याच नाहरशाह वलींच्या दर्ग्यावर जाता येते. राजवाड्याजवळ इमली साहिब गुरुद्वारा आहे, सर हुकुमचंद शेठजींचे काच मंदिर आहे. पुढे व्हाइट चर्च. आपल्या मुलांपैकी बहुतेकांनी यांतल्या निम्म्या जागा आतून पाहिलेल्या नाहीत, मग मुंबईची गोष्ट कशाला!

२. प्रत्येक जागी तिथल्याच एखाद्या जाणत्या माणसाला मुलांशी पंधरा मिनिटे बोलण्याची विनंती करावी. आपण शिक्षकांनी दुसऱ्याच्या धर्माविषयी ऐकीव माहिती देण्यापेक्षा ते बरे.

३. जाण्यापूर्वी मुलांना शिष्टाचार सांगावेत: विचारल्याशिवाय फोटो नाही, थट्टा नाही, आत मोठ्याने बोलणे नाही. आणि कोणताही विधी करण्याची सक्ती नाही. ज्याला बाहेर थांबायचे त्याला कारण न विचारता थांबू द्यावे.

४. पालकांना सर्व आधी लेखी कळवावे आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी सोबत यावे. ज्या पालकांनी आक्षेप घेतला, त्यांना पहिले निमंत्रण.

शेवटची विनंती आम्ही मनापासून करतो आहोत. त्या पालकांशी वाद जिंकण्याची आमची इच्छा नाही. त्यांनी एकदा आमच्याबरोबर त्या टेकडीवर यावे, समुद्राकडे पाहत बाकावर बसावे आणि वाटले तर आत जावे, न वाटले तर जाऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटे काम. तुमच्या घरापासून सर्वांत जवळ असलेले, पण तुम्ही कधीही आत न गेलेले प्रार्थनास्थळ कोणते? आई-बाबांची परवानगी घेऊन, जमल्यास त्यांनाच सोबत नेऊन तिथे एकदा जाऊन या. काय पाहिले आणि काय समजले नाही, ते एका पानात लिहून आमच्याकडे द्या. निवडक पाने पुढल्या अंकात छापू. 'काय समजले नाही' हा भाग मोठा असला तरी चालेल. आमचाही तोच भाग मोठा होता.